गनिमाला भाकर कोण देत होते?

१८१९ सालच्या सुरुवातीची गोष्ट. विंध्याच्या पायथ्याशी, कांटाफोडच्या जंगलात खोगीर कसलेला एक घोडा एकटाच चरताना सापडला. शोध घेतल्यावर आधी रक्ताळलेले कपडे मिळाले आणि मग वाघाने खाल्लेल्या एका माणसाचे अवशेष. तो चितू होता, पेंढाऱ्यांचा सर्वांत बलाढ्य सरदार. नेमावर, सतवास, कांटाफोड ही गावे आज मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात येतात. नर्मदेकाठचा हाच पट्टा त्याचा मुलूख होता. दसरा उलटला की नेमावरला स्वार जमत, नद्यांना उतार पडला की हजारोंच्या टोळ्या दूरदूरच्या प्रदेशात शिरत. असा माणूस शेवटी जवळ एकही सोबती नसताना मेला.

असे का झाले, याचे लष्करी इतिहासातले उत्तर सरळ आहे. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जने १८१७ मध्ये लाखाहून अधिक फौज उभी केली, चारही बाजूंनी नाकेबंदी केली आणि पेंढारी संपले. पण याच डोंगरांत, याच वाटांनी त्याआधीची शंभर वर्षे मोठमोठ्या फौजांना चकवा देणारे लोक वावरले होते. त्यांना लपायला जागा मिळत होती, घोड्याला चंदी मिळत होती, शत्रू कुठवर आला याची खबर मिळत होती. चितूला ती मिळेनाशी का झाली? हा प्रश्न तोफा-बंदुका मोजून सुटत नाही. तो माणसांच्या आपसांतल्या नात्यांचा प्रश्न आहे आणि इथेच मानववंशशास्त्राचे काम सुरू होते.

गनिमी युद्धाकडे पाहताना या शास्त्राचे प्रश्न साधे असतात. टोळीत कोण येतो, कोणाच्या ओळखीने येतो आणि पेरणीला घरी परततो का? त्याला भाकर कोण देते, भीतीने देते की आपलेपणाने? लुटीची वाटणी कशी होते? सरदाराचा शब्द लोक कशामुळे मानतात? आणि टोळी मोडली की माणसे जातात कुठे? धार आणि देवास या दोन जुन्या मराठी संस्थानांच्या मुलखात या प्रत्येक प्रश्नाला खरी, नावानिशी उत्तरे सापडतात.

पठार, कडा आणि उतार

माळव्याचे पठार काळ्या मातीचे आणि बऱ्यापैकी सपाट आहे. गहू, अफू आणि कापूस यांनी संपन्न असलेल्या या भागावर दिल्लीचे राज्यकर्ते नजर ठेवून असत. धारच्या दक्षिणेला मांडूजवळ हे पठार एकाएकी तुटते आणि विंध्याचा कडा सुरू होतो. खाली निमाडची पट्टी, मग नर्मदा, तिच्यापलीकडे सातपुडा आणि त्याच्याही पलीकडे खानदेश. दख्खनेतून हिंदुस्थानात जाणारी वाट या कड्यावरच्या मोजक्या घाटांतूनच वर चढते.

घाटांवर वस्ती होती ती भिल्ल आणि भिलालांची. आजही धार जिल्ह्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. इथले गाव दख्खनेतल्या गावासारखे एका जागी दाटलेले नसते. एकेक घर आपापल्या शेतात, आपापल्या टेकाडावर, आणि अशा घरांचा मिळून फलिया. असे गाव वेढायचे तरी कुठून? एका टेकाडावर परके लोक दिसले की ढोल आणि हाकांनी बातमी पुढच्या टेकाडावर पोहोचते. घाटातून जाणाऱ्या व्यापाऱ्याला वाट दाखवणे, त्याची राखण करणे आणि त्याबद्दल पैसा घेणे हा इथल्या नायकांचा पिढीजात हक्क होता. तो नाकारला की लूट होई. दरबारी कागदांत तिची नोंद दरोडा म्हणून होई, तर नायकाच्या लेखी ती हक्काची वसुली असे.

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ एरिक वुल्फ यांनी १९६९ मध्ये विसाव्या शतकातल्या शेतकरी युद्धांवरच्या पुस्तकात मेक्सिको, रशिया, चीन, व्हिएतनाम, अल्जीरिया आणि क्यूबा या सहा देशांचा अभ्यास मांडला. सर्वांत गरीब आणि पूर्णपणे जमीनदाराच्या मुठीतला माणूस सहसा उठत नाही, असे त्यांना दिसले. उठतो तो ज्याच्याकडे स्वतःची थोडी जमीन आहे, किंवा जो सत्तेच्या हाताबाहेरच्या सीमाभागात राहतो. विंध्याच्या उतारावरचा भिलाला शेतकरी या वर्णनात नेमका बसतो.

गनिमाचा राजा होताना

मराठ्यांची पहिली तुकडी नर्मदा ओलांडून माळव्यात शिरली ती १६९९ मध्ये, कृष्णाजी सावंत यांच्याबरोबर. १७०३ मध्ये नेमाजी शिंदे आले. पुढे १७२० नंतर सुप्याच्या पवार घराण्यातले उदाजी पवार दरवर्षी या भागात उतरू लागले. पावसाळा संपला की यायचे, वसुली करायची आणि पुढच्या पावसाआधी दख्खनेत परतायचे. या मोहिमांचे वेळापत्रक शेतीने ठरवले होते. स्वारांतले बरेचसे कुणबी होते, त्यांना पेरणीला घरी जायचे असे. दसऱ्याचे सीमोल्लंघन हा विधी होता आणि नद्यांना उतार पडण्याचा हिशेबही.

२९ नोव्हेंबर १७२८ रोजी धारजवळच्या अमझेऱ्याला चिमाजी आप्पांच्या फौजेने मोगल सुभेदार गिरधर बहादूर आणि त्याचा नातलग दया बहादूर या दोघांनाही एकाच दिवशी ठार केले. शालेय इतिहासात माळवा जिंकला तो इथे. पण स्ट्युअर्ट गॉर्डन या अमेरिकन इतिहासकाराने पुण्याच्या पेशवे दप्तरातले वसुलीचे कागद तपासून १९७७ मध्ये एक वेगळे चित्र मांडले. माळव्याचा विजय ही १७२० ते १७६० अशी चाळीस वर्षांची संथ प्रक्रिया होती. आधी लूट, मग ठरलेली खंडणी, मग स्थानिक जमीनदाराशी बोलाचाली आणि शेवटी कमाविसदार नेमून गाववार वसुली. इंदूर परगण्याचे नंदलाल मंडलोई यांच्यासारख्या जमीनदारांशी पेशव्यांचा संपर्क होता. रणांगणावरचा एक दिवस महत्त्वाचा खरा, पण गावोगावच्या पाटलांनी आणि मंडलोयांनी आपला कौल कोणाला द्यायचा हे ठरवले तेव्हाच मराठ्यांचा पाय माळव्यात रोवला गेला.

१७३० च्या दशकात धार आनंदराव पवारांकडे आणि देवास तुकोजी व जिवाजी पवार या भावांकडे आले. देवासला थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदू लागली. पवारांनी आपले कूळ धारच्या परमारांशी, म्हणजे थेट भोजराजाशी जोडलेले होते. त्यामुळे सुप्याहून आलेला सरदार माळव्यात उपरा न राहता पूर्वजांच्या गादीवर परतलेला वारस ठरला. वंशावळीला इतिहासकार खरे-खोटेपणाच्या कसोटीवर तपासतो. मानववंशशास्त्रज्ञ विचारतो की ही वंशावळ कोणते काम करते. इथे तिने घोड्यावरून आलेल्या सत्तेला जमिनीशी जोडण्याचे काम केले.

राजा झालेल्या पवारांपुढे मग तोच पेच आला जो त्यांनी मोगलांपुढे टाकला होता. डोंगरातले भिल्ल नायक आणि बेदखल झालेले ठाकूर पठारावरच्या गावांत उतरत, पिके कापून नेत आणि ठरावीक तनखा बांधून मिळाला की थांबत. चौथाई वसूल करणाऱ्यांना आता स्वतःच अशी रक्कम मोजावी लागत होती.

मोजक्या स्वारांतून फौज

१७९७ मध्ये पुण्यात शिंद्यांच्या लोकांनी मल्हारराव होळकर दुसरे यांना ठार केले. त्यांचे भाऊ यशवंतराव निसटले, नागपूरला कैदेत पडले, तिथूनही सुटले आणि खानदेशातून धारला आले. तिथल्या आनंदराव पवार दुसरे यांनी त्यांना आसरा दिला. शिंद्यांचा दबाव वाढला तसे यशवंतरावांना धार सोडावे लागले. बाहेर पडताना बरोबर होते ते मोजके स्वार आणि थोडे प्यादे. तेच यशवंतराव २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या एकत्रित फौजेचा पराभव करून पुण्याचे मालक झाले.

चार-पाच वर्षांत हे कसे घडले? याचे उत्तर शोधायला देवासमध्येच काम केलेल्या एका अभ्यासकाची मदत होते. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ एड्रियन मेयर १९५४ ते १९५६ या काळात देवास जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहिले. जात आणि नातेसंबंध यांवरचे त्यांचे पुस्तक १९६० मध्ये आले आणि ते आजही वाचले जाते. पुढे त्यांनी देवास नगरपालिकेच्या निवडणुकीचा अभ्यास केला. एक उमेदवार मते कशी गोळा करतो, याचा त्यांनी माणूस-माणूस धरून नकाशा काढला. कोणी जातभाई म्हणून जोडला होता, कोणी आखाड्यातला सोबती म्हणून, कोणी व्यापारातल्या देण्याघेण्यामुळे. या सगळ्यांचा मिळून काही पक्ष होत नव्हता. उमेदवार मध्ये होता म्हणून हा मेळ जमला होता आणि काम झाले की तो विरणार होता. मेयर यांनी १९६६ मध्ये एका निबंधातून मांडलेली ही कल्पना पुढे जगभर वापरली गेली.

निवडणुकीच्या जागी मोहीम ठेवली तर यशवंतरावांची फौज तशीच उभी राहिलेली दिसते. त्यांच्याभोवती भिल्ल आले, पेंढारी आले, बेकार झालेले पठाण आले, जुने होळकरशाही शिलेदार आले. प्रत्येकाचा धागा वेगळा होता. अमीरखान पठाणाशी करार झाला तो मिळकतीत निम्म्या वाट्याचा. जुन्या शिलेदारांसाठी यशवंतराव आपल्या तान्ह्या पुतण्याच्या, खंडेरावाच्या नावाने लढत होते, म्हणजे तिथे धागा घराण्यावरच्या निष्ठेचा होता. अशा फौजेची ताकद तिच्या लवचीकपणात असते आणि तिचा धोकाही त्यातच असतो. वाटा मिळेनासा झाला की धागे एकेक करून तुटतात. अमीरखानाने १८१७ मध्ये इंग्रजांशी तह केला आणि तो टोंकचा नवाब झाला.

पेंढाऱ्यांचा तळ

पेंढारी ही जात नव्हती आणि एका धर्माची जमातही नव्हती. चितू स्वतः जाट कुळातला. दुष्काळात विकला गेलेला हा मुलगा एका पेंढाऱ्याने विकत घेऊन वाढवला होता. अशी दत्तक माणसे, बेकार शिपाई, देशोधडीला लागलेले शेतकरी या टोळ्यांत भरलेले होते. तंबू नाही, सामान नाही, थोडीशी रसद आणि वेग. तत्कालीन वर्णनानुसार हजारातल्या सुमारे चारशे जणांकडेच बरे घोडे आणि हत्यारे असत, त्यांतही पंधरात एखाद्याकडे तोड्याची बंदूक. मुख्य हत्यार होते मराठी स्वारांचाच लांब बांबूचा भाला.

या जगण्याला रोमांचक म्हणणे म्हणजे ज्यांच्यावर ते कोसळले त्यांचा विसर पडणे आहे. १८१६ मध्ये गुंटूरकडच्या इंग्रजी मुलखात पेंढारी शिरले. सुमारे १२ दिवसांत ३३९ गावे लुटली गेली. १८२ माणसे मारली गेली, ५०५ जखमी झाली आणि ३,६०३ जणांचा छळ झाला, अशी सरकारी मोजणी आहे. पुरलेला पैसा दाखवावा म्हणून हा छळ होई. गनिमी युद्धाचा मानवी अभ्यास करायचा तर घोड्यावरच्या माणसाइतकेच या ३,६०३ जणांकडेही पाहावे लागते.

लांबच्या गावांत असे वागणारे हेच लोक नर्मदेकाठी मात्र शेजारी होते. त्यांची बायकामुले तिथे राहत, लुटीचा माल तिथे विकला जाई, जवळच्या सरदारांना त्यातला हिस्सा पोहोचे. शिंदे आणि होळकर यांच्या छत्राखाली शिंदेशाही आणि होळकरशाही असे पेंढारी मिरवत. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला, शिंद्यांनी आधीच तह केला होता. छत्र गेले, बाजार गेला, तळ गेला. चितूला आपल्याच भागात जहागीर आणि आपल्या माणसांना चाकरी हवी होती. ती मिळाली नाही. दुसरा पेंढारी सरदार करीमखान शरण आला तेव्हा त्याला जमीन दिली गेली ती नर्मदेपासून शेकडो कोस दूर, गोरखपुराकडे. सरदाराला त्याच्या माणसांपासून आणि मुलखापासून तोडायचे, हे इंग्रजांना उमगले होते.

नालछ्याचा साहेब

हे ज्याला सर्वांत चांगले उमगले तो सर जॉन माल्कम. महाबळेश्वरच्या माल्कमपेठेमुळे त्याचे नाव मराठी वाचकाला परिचित आहे. मुंबईचा गव्हर्नर होण्याआधी तो माळव्याचा कारभार पाहत होता. मांडूजवळच्या नालछा या ओसाड गावातला एक पडका महाल त्याने राहण्यासाठी निवडला. तिथे आधी वाघीण राहत होती. आसपासच्या भिल्लांना त्याने बोलावले, त्यांच्या नायकांशी बोलणी केली, रखवालीला त्यांचीच माणसे ठेवली. भाट, म्हातारे शिपाई, पाटील, सावकार या सगळ्यांकडून त्याने हकिकती गोळा केल्या. १८२३ मध्ये मध्य हिंदुस्थानावरचे त्याचे दोन खंडी पुस्तक निघाले. पवार, होळकर, पेंढारी, भिल्ल यांच्याविषयी आज जे सांगितले जाते त्यातले बरेचसे या पुस्तकातून आलेले आहे.

त्याची नजर हिशेबी होती. माळव्यातल्या होळकरांच्या ३,७०१ गावांपैकी १,६६३ गावे १८१७ मध्ये बेचिराग होती, म्हणजे तिथे दिवा लावायलाही कोणी उरले नव्हते, अशी नोंद त्याने केली. पुढच्या तीन वर्षांत अनुक्रमे २६९, ३४३ आणि ५०८ गावे पुन्हा वसली, हेही नोंदवले. गाव वसले की टोळीत जाणारा माणूस नांगराकडे परततो, हा त्यामागचा विचार. डोंगरातल्या नायकांचे तनखे त्याने मोडले नाहीत. ते लेखी करून इंग्रजांच्या हमीवर देवविले. नायकाला पैसा मिळत राहिला, पण तो मागण्यासाठी डोंगर उतरण्याची त्याची ताकद गेली.

खानदेशात जेम्स आउटरमने हीच रीत पुढे नेली. भिल्लांबरोबर शिकारीला जाऊन, त्यांच्यात वावरून त्याने १८२५ पासून भिल्ल पलटण उभी केली. पुढे माळव्यातही तशीच पलटण झाली आणि तिचे ठाणे धारजवळच्या सरदारपूरला पडले. ज्यांना घाटवाटा ठाऊक होत्या त्यांनाच घाटवाटांची राखण दिली गेली.

तरीही अशी व्यवस्था किती पातळ असते ते जुलै १८५७ मध्ये दिसले. अमझेऱ्याचे राणा बख्तावरसिंह यांच्या लोकांनी भोपावरची इंग्रज एजन्सी लुटली. संरक्षणाला असलेल्या भिल्ल शिपायांपैकी मोजकेच मागे उरले आणि एजंट हचिन्सन झाबुआकडे पळाला. धारमध्ये गादीवर लहान मुलगा होता. अरब, अफगाण आणि मकराणी भाडोत्री शिपायांनी किल्ला ताब्यात घेतला. ऑक्टोबरअखेर इंग्रजांनी किल्ल्याला खिंडार पाडले तेव्हा आतले लोक रात्रीतून निसटून गेले होते. बख्तावरसिंहांना फेब्रुवारी १८५८ मध्ये इंदूरला फाशी दिली गेली. धारचे राज्य खालसा झाले आणि १८६० मध्ये आनंदराव पवार तिसरे यांना परत मिळाले. पगार घेणारा शिपाई आणि डोंगराकडे तोंड करून निघून जाणारा भिल्ल हा एकच माणूस होता. त्याची एक बाजू सरकारी दप्तरात आली आणि दुसरी त्याच्या फलियात राहिली.

आजचे अभ्यासक

ही दुसरी बाजू आत जाऊन पाहण्याचे काम अलीकडच्या अभ्यासकांनी केले आहे. डेव्हिड लॅन यांनी १९८५ मध्ये झिंबाब्वेच्या दांदे भागातले निरीक्षण मांडले. तिथले बंदूकधारी तरुण परके होते. पूर्वजांचा संचार होणाऱ्या भगतांनी त्यांना मान्यता दिली आणि त्या बदल्यात अन्न, शिकार, स्त्रीसंग यांबाबतचे निर्बंध त्या तरुणांनी पाळले, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपले मानले. आपल्याकडे अल्पा शाह यांनी झारखंडच्या आदिवासी गावांत दीर्घकाळ राहून आणि २०१० मध्ये माओवाद्यांच्या तुकडीबरोबर सात रात्रींत २५० किलोमीटर चालून २०१८ मध्ये पुस्तक लिहिले. घरी भांडण झाले म्हणून मामाकडे जावे तसा एखादा मुलगा तुकडीत जातो आणि काही दिवसांनी परततो, हे त्यांनी दाखवले. सरकार आणि पुढारी दोघेही विचारसरणीची भाषा बोलत असताना गावात नात्यागोत्याची भाषा चालू होती. कांटाफोडपासून झारखंड दूर आहे आणि काळही वेगळा, पण भाकरीचा प्रश्न दोन्हीकडे तोच आहे.

असे ज्ञान कोणाच्या हाती पडते, ही या शास्त्राची मोठी चिंता आहे. नुएर लोकांवरच्या अभ्यासासाठी प्रसिद्ध असलेले इव्हान्स-प्रिचर्ड दुसऱ्या महायुद्धात सुदान-इथिओपिया सीमेवर अनुआक लोकांची तुकडी घेऊन इटालियन फौजांशी लढले होते. २००७ मध्ये अमेरिकी लष्कराने इराक आणि अफगाणिस्तानात सामाजिक शास्त्रज्ञांना तुकड्यांबरोबर नेमायला सुरुवात केली. तेव्हा अमेरिकेतल्या मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या कार्यकारी मंडळाने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जाहीर विरोध नोंदवला. ज्यांनी विश्वासाने घर उघडले त्यांच्याविषयीची माहिती त्यांच्याच विरोधात वापरली जाऊ नये, हा त्यामागचा आग्रह. एड्रियन मेयर यांनी देवासच्या खेड्यातल्या शांत काळातही ही काळजी घेतली होती. आपल्या पुस्तकात त्यांनी गावाचे खरे नाव न देता त्याला रामखेडी म्हटले.

धार-देवासच्या या इतिहासाचा अर्धा भाग पुण्याच्या दप्तरात मोडी लिपीत आहे: वसुलीच्या याद्या, तनख्यांच्या नोंदी, सरदारांची पत्रे. उरलेला अर्धा कुक्षी, मनावर आणि सरदारपूरच्या फलियांत भिली आणि भिलाली बोलींत सांगितला जातो आणि तो सांगणारी माणसे आता वृद्ध झाली आहेत. मोडी वाचणारे तरुण महाराष्ट्रात पुन्हा तयार होत आहेत. त्यांच्यातल्या काहींनी नर्मदा ओलांडून या बोली शिकल्या, तर तनखा देणाऱ्याच्या यादीशेजारी तो घेणाऱ्याची हकिकत प्रथमच ठेवता येईल.